कोकिळा सिस्टरचे कान आणि बोटं

पवनारला धाम नदीच्या काठाशी भैय्याजी भोंगाडे यांची भाजीची वाडी होती. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि हिवाळ्यात वालाच्या शेंगा. वर्ध्याच्या एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात त्यांची भाजी जायची आणि टोपली घेऊन एसटीत चढायचं काम थोरल्या लेकीकडे, कोकिळाकडे असायचं. भाजी तोलून होईपर्यंत ती वऱ्हांड्यात उभी राहायची. पांढऱ्या कपड्यातल्या सिस्टर रोग्याच्या दंडाला पट्टा गुंडाळतात, रबरी गोळा दाबतात, पारा सरसर वर चढतो, मग त्या कानात नळ्या घालून अगदी गप्प होतात, हे ती बघत राहायची. त्या गप्प होण्याचं तिला फार आकर्षण होतं. घरी आल्यावर ती धाकट्या बहिणीच्या दंडाला ओढणीचा पट्टा बांधायची.

आनंदाबाईंच्या, म्हणजे तिच्या आईच्या मनात मॅट्रिक होताच लेकीचं लग्न उरकायचं होतं. भैय्याजींनी मात्र तिला नर्सिंगच्या शिक्षणाला घातलं. पोरगी परकं रक्त पुसायला जाणार म्हणून भावकीत बरीच कुजबूज झाली. भैय्याजी कोणाशी वाद घालत बसले नाहीत. ते आपले भाजी घेऊन वर्ध्याला जात राहिले आणि येताना लेकीला भेटून येत राहिले.

शिक्षण संपलं आणि १९७१ च्या सुमारास कोकिळाची नेमणूक केळझरच्या पलीकडे बेलखेडी नावाच्या गावी, सरकारी दवाखान्यात झाली. लग्नही त्याच सुमारास झालं. नवरा बंडूजी जवळच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. दिवसभर कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या खडखडाटात राहून त्याला मोठ्यानं बोलायची सवय लागली होती. तो बायकोला चहा मागायचा तेव्हा शेजारच्या घरातही कळायचं. माणूस मात्र लोण्यासारखा होता.

बेलखेडीत तेव्हा ब्लडप्रेशर म्हणजे काय हे फारसं कोणाला माहीत नव्हतं. डोकं दुखलं तर पित्त, चक्कर आली तर अशक्तपणा. दंडाला पट्टा आवळला की माणसं घाबरायची. एक म्हातारी तर हात सोडवून पळाली होती, रक्त काढून घेतात म्हणून. कोकिळा चिडायची नाही. आधी स्वतःच्या दंडाला पट्टा गुंडाळून दाखवायची, दाखवताना गावातल्या गोष्टी विचारायची, आणि समोरच्याचा हात कधी पुढे आला हे त्यालाही कळायचं नाही. दोन-चार वर्षांत आसपासच्या खेड्यांतून लोक फक्त पट्टा लावून घ्यायला यायला लागले. दवाखान्याचे डॉक्टर मनोहरराव तडस गोळ्या लिहून द्यायचे, पण त्या गोळ्या घेतल्या की नाही हे लोक सांगायचे कोकिळा सिस्टरला.

दुसरं बाळंतपण झालं आणि तिचे कान कमी होऊ लागले. हे इतकं सावकाश झालं की तिचं तिलाच कळलं नाही. पुरुषांचे खर्जातले आवाज आधी गेले. बायका-पोरांचं बोलणं ऐकू यायचं, घरात बंडूजी ओरडून बोलायचाच. रोगी पुटपुटला की ती त्याच्या तोंडाकडे बघायची आणि ओठांवरून बरंचसं समजून घ्यायची. लोकांना वाटायचं, सिस्टर किती लक्ष देऊन ऐकते.

बाजाराचा दिवस होता. वऱ्हांड्यात गर्दी होती. गावाबाहेर सिनेमाचा तंबू पडला होता आणि त्याची जाहिरात करणारी भोंग्याची बैलगाडी नेमकी दवाखान्यासमोर येऊन थांबली. बाकावर धुरपता बसली होती. पहिलटकरीण, आठवा महिना. पाय सुजले होते, पण पाय तर खूपजणींचे सुजतात. कोकिळानं तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, नळ्या कानात घातल्या, पण भोंग्यापुढे काहीच ऐकू येईना. तेव्हा तिनं शिकताना शिकलेली जुनी रीत वापरली. मनगटाची नाडी बोटांखाली धरायची, नाडी लागेनाशी होईपर्यंत पट्टा फुगवायचा, मग हवा हळूहळू सोडायची आणि नाडी परत कुठे लागते ते पाऱ्यावर बघायचं. त्यात वरचा आकडा कळतो. कामाच्या घाईत कित्येक वर्षांत तिनं ही रीत वापरली नव्हती.

नाडी परत लागली तेव्हा पारा एकशे साठच्या जवळ होता.

तिला वाटलं, काहीतरी चुकलं. भोंगा पुढे निघून गेला, तशी तिनं पुन्हा पट्टा फुगवला आणि या वेळी कानांनी ऐकलं. पहिला ठोका ऐकू आला तो एकशे तीसच्याही खाली. ती पाऱ्याकडे बघत राहिली. बोटांना लागणारा आकडा कानापेक्षा थोडा खालीच असतो, एवढं तिला पक्कं शिकवलेलं होतं. तो एवढा वर कधी नसतो. दोन्हींतलं एक चुकत होतं.

भिंतीवरच्या घड्याळाकडे तिचं लक्ष गेलं. काटे चालू होते. तिनं दवाखान्यातल्या मदतनीस मनकर्णाबाईंना विचारलं, या घड्याळाचा आवाज येतो का.

"हाव, येते नं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "टिकटिक चालूनच राह्यली. तुमाले आयकू नाई येत काय?"

कोकिळानं धुरपताच्या दंडाचा पट्टा सोडवला. ती उठली, आत गेली आणि डॉक्टरांना म्हणाली की धुरपताचं प्रेशर तुम्ही स्वतः बघा, आत्ताच बघा. डॉक्टरांनी पाहिलं. वरचा आकडा एकशे साठच्या पुढे, खालचाही बराच चढलेला. लघवी परीक्षानळीत तापवली तर दह्यासारखा साका जमला, म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती. अशा बाईला कोणत्याही क्षणी झटके येऊ शकतात आणि मग आई आणि मूल दोघांचंही काही सांगता येत नाही. डॉक्टरांनी दवाखान्याच्या जीपमधून तिला लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं. कोकिळा सोबत गेली. धुरपताला तिथे ठेवून घेतलं, प्रेशर आवरलं, आणि काही दिवसांनी तिला मुलगी झाली. लहानशी, पण रडणारी.

धुरपताची सासू पेढे घेऊन आली तेव्हा डॉक्टर म्हणाले की हे पेढे सिस्टरला द्या, तिनं वेळेवर ओळखलं. कोकिळानं पेढा घेतला, पण खाल्ला नाही. सगळे गेल्यावर ती डॉक्टरांच्या टेबलासमोर उभी राहिली आणि तिनं जे होतं ते सांगितलं. आपले कान गेले आहेत. किती दिवसांपासून, ते ठाऊक नाही. म्हणजे मागच्या कितीतरी महिन्यांत आपण ज्यांना बरं आहे म्हणून घरी पाठवलं, त्यांतल्या कोणाचं खरंच बरं असेल याची खात्री नाही.

डॉक्टरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्यापासून तुम्ही प्रेशर घेऊ नका."

ते बरोबरच बोलले होते आणि तिलाही ते कळत होतं. तरी त्या दिवशी घरी जाऊन ती चुलीपुढे बसून राहिली. बंडूजीला तिनं सगळं सांगितलं तेव्हा तो आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू बोलला असेल की तिला त्याचा शब्दही कळला नाही. मग त्यानं तिचा हात धरला, तो मात्र कळला.

डॉक्टरांनी ठरवलं, गेल्या वर्षभरात जे प्रेशरचे म्हणून येत होते, त्या सगळ्यांना पुन्हा तपासायचं. बोलवायला कोणाला पाठवायचं हा प्रश्न होता. कोकिळा म्हणाली, मी जाते. तिच्या ओळखीची माणसं होती, तिनंच सांगितलेलं ऐकून ती निर्धास्त राहिली होती. डॉक्टरांनी मनकर्णाबाईंना सोबत दिलं आणि दोघी खेड्याखेड्यांतून पायी फिरल्या.

सगळ्यात अवघड घर महादेवरावांचं होतं. हे जुने पाटील, स्वभावानं कडक. सहा महिन्यांपूर्वी कोकिळानं प्रेशर उतरलं म्हटल्यावर त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या आणि गावभर सांगितलं होतं की आपण मिरची सोडली म्हणून बरं झालं. कोकिळानं ओसरीवर उभं राहूनच सांगितलं.

"म्हंजे इतके दिवस तुमी मले खोटं सांगून राह्यल्या होत्या?"

"खोटं नाई, महादेवराव. मले कमी आयकू येत होतं. जेवढं आयकू आलं तेवढं सांगतलं. पण चूक त चूकच हाये. म्हणून मी सोता आली."

महादेवरावांनी तिच्याकडे बघितलं. आत सून चहा ठेवत होती, तिचे हात थांबले. मग त्यांनी खुंटीवरचा दुपट्टा उचलला आणि खांद्यावर टाकला.

"चाला," ते म्हणाले. "डॉक्टर हाये नं आता तिथं?"

काहींनी मात्र दार लावून घेतलं. एका बाईनं तिला अंगणातून परत पाठवलं आणि पुन्हा कधी पाय ठेवू नको म्हणाली. पण बरेचजण आले. त्यांतल्या काहींचं प्रेशर खरंच चढलेलं निघालं, गोळ्या वाढवाव्या लागल्या. महादेवरावांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, मिरचीही बंदच राहिली. आलेल्यांपैकी कोणाच्या जिवावर बेतलं नव्हतं. त्या यादीतलं शेवटचं माणूस तपासून झालं तेव्हा कोकिळा दवाखान्यामागे जाऊन रडली आणि तोंड धुऊन परत आली.

नागपूरच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की कानातलं बारीक हाड घट्ट झालंय, ऑपरेशन करता येईल, पण उरलंसुरलं ऐकू येणंही जाऊ शकतं. तिनं ऑपरेशन नको म्हटलं आणि ऐकायचं यंत्र घेतलं. तेव्हा ते यंत्र काडेपेटीपेक्षा मोठं असायचं, ब्लाउजला अडकवायचं आणि त्याची वायर कानापर्यंत जायची. गावातल्या पोरांना वाटायचं, सिस्टर रेडिओ ऐकते. क्रिकेटची मॅच असली की कोणीतरी तिला स्कोर विचारायचाच. यंत्रामुळे बोलणं बरंच ऐकू यायला लागलं. पण त्याच्यावर स्टेथोस्कोप चालत नव्हता. प्रेशर घ्यायला मंदाबाई नावाची नवी सिस्टर आली. कोकिळा लसी टोचायची, जखमा बांधायची, गोळ्या द्यायची. ती कामात कधी चुकली नाही, पण वऱ्हांड्यातल्या त्या पाऱ्याच्या पेटीजवळून जाताना ती मान दुसरीकडे वळवायची.

अशी काही वर्षं गेली. मग वर्ध्याच्या एका कापड दुकानदारानं, त्याचे वडील हृदयविकारानं गेले होते म्हणून, बेलखेडीच्या दवाखान्याला कार्डिओग्रामचं मशीन दान दिलं. हार घालून फोटो काढून झाले आणि मशीन कपाटात गेलं. डॉक्टर तडसांना कार्डिओग्राम वाचता यायचा, पण काढणार कोण? मंदाबाईंना त्या वायरींची धास्ती वाटायची. एक दिवस डॉक्टरांनी कोकिळाला बोलावलं.

"यात ऐकायचं काही नाही, सिस्टर," ते म्हणाले. "सगळं बघायचं आहे. शिकाल का?"

ती वर्ध्याला जाऊन शिकून आली. हातापायांना धातूच्या पट्ट्या रबरानं आवळायच्या, खाली जेली लावायची, मग छातीवर रबरी बोंडाची वाटी एकेका जागी चिकटवत न्यायची. तापलेली सुई कागदावर रेघ काढत जाते. पण बेलखेडीत परत येऊन पहिली पट्टी काढली तर रेघ केसाळ सुरवंटासारखी आली, ठोका कुठे आणि नुसती थरथर कुठे काही कळेना. डॉक्टर म्हणाले, अर्थिंग नाही. लाईनमन आला, त्यानं खिडकीखाली खड्डा खणला, कोळसा आणि मीठ भरून त्यात तार पुरली. दुसरी पट्टी काढली आणि रेघ स्वच्छ आली. कोकिळानं ती हातात धरून कितीतरी वेळ बघितली. जो आवाज तिच्या कानातून गेला होता, तो कागदावर एकेक करून उभा होता.

बायकांचा प्रश्न वेगळा होता. छाती उघडी टाकून झोपायला कोणी तयार होईना. कोकिळानं दाराला जाड पडदा लावला, आत पुरुष येणार नाही असं सांगितलं, आणि पहिल्यांदा चार बायकांसमोर ती स्वतःच टेबलावर झोपली. मनकर्णाबाईंनी पट्ट्या बांधल्या. पदर अंगावरच ठेवायचा, वाटी पदराखालून न्यायची. बरगड्यांमधल्या जागा तिला बघाव्या लागत नव्हत्या, बोटांना बरोबर सापडायच्या. त्यानंतर बायका यायला लागल्या.

१९८५ च्या पावसाळ्यानंतर बबनरावांना बैलगाडीत घालून आणलं. चांगला चाळिशीतला, रुंद खांद्यांचा शेतकरी. वर्षापूर्वी त्यांचा थोरला भाऊ वखर चालवताना छातीला हात लावून पडला आणि गेला. तेव्हापासून बबनरावांना वाटायला लागलं की आपलंही हृदय तसंच आहे. छातीत धडधड व्हायची, दम लागायचा, मग ते खाटेवर पडायचे. हळूहळू खाट सुटेनाच. वैदू झाला, नवस झाले. शेत बायको बघायची, चतुराबाई. तिनंच गाडी जुंपून, स्वतः हाकून त्यांना आणलं होतं.

डॉक्टरांनी तपासलं, कोकिळानं पट्टी काढली. डॉक्टरांनी ती खिडकीजवळ नेऊन नीट वाचली आणि म्हणाले की हृदय ठणठणीत आहे. बबनरावांना ते पटलं नाही. पडल्यापडल्या चांगलंच दिसणार, ते म्हणाले, भाऊही बसला असताना चांगलाच होता, काम करताना गेला. डॉक्टरांनी हे धुडकावलं नाही. तपासणीत धोक्याचं काही दिसत नाही याची पुन्हा खात्री करून घेतली आणि म्हणाले, मग आपण चालून बघू. मी सोबत आहे. वऱ्हांड्यातून फेऱ्या मारा, पायरी चढा-उतरा, आणि लगेच परत पट्टी काढू.

बबनरावांचा चेहरा पांढरा पडला. पण ते उठले. डॉक्टर एका बाजूनं, कोकिळा दुसऱ्या बाजूनं. आधी भिंतीला धरून, मग न धरता. वऱ्हांड्यातले रोगी बघत होते. कपाळावर घाम येईपर्यंत चालवून त्यांना टेबलावर झोपवलं आणि सुई चालू केली. ठोके एकमेकांच्या जवळ आले होते, पण रेघ तशीच होती. कोकिळानं दोन्ही पट्ट्या त्यांच्या डोळ्यांसमोर धरल्या.

"हे झोपून. अन् हे इतकं चालून. पाहा तुमीच."

बबनरावांनी पट्टी हातात घेतली. बोट रेघेवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेलं.

"एवढं चाललो मी," ते म्हणाले, "अन् काई झालं नाई."

ते उठून बसले. मग त्यांनी पाणी मागितलं.

चतुराबाई तोवर वऱ्हांड्याच्या कोपऱ्यात खांबाला टेकून बसली होती. कपाळाला फडकं आवळून बांधलेलं होतं. कोकिळा तिला आनंदाची बातमी सांगायला गेली आणि ते फडकं बघून तिथेच बसली. डोकं कधीपासून दुखतंय, विचारलं. चतुराबाई म्हणाली, ते त रोजचंच हाये, उन्हाचं. कोकिळानं मंदाबाईंकडून पाऱ्याची पेटी मागून घेतली. मधल्या वर्षांत तिनं ती हातात घेतली नव्हती.

"आता तुमी हात द्या."

"मले काय झालं? बिमार त हे हायेत."

"द्या त खरं."

तिनं पट्टा गुंडाळला, मनगटावर बोटं ठेवली, गोळा दाबत गेली. नाडी थांबेचना. पारा दोनशेजवळ पोचला तेव्हा कुठे ती बोटांखालून गेली. कोकिळानं हवा सावकाश सोडली, आकडा बघितला, पट्टा काढला आणि मंदाबाईंना म्हणाली की मी बोटांनी घेतलंय, आता तुम्ही कानांनी घ्या. मंदाबाईंनी घेतलं. वरचा आकडा जुळला, खालचाही फार वर होता. दोघी मिळून डॉक्टरांकडे गेल्या.

वर्षभर ती बाई नांगरणी-पेरणी, निंदण, गुरं-ढोरं, दोन पोरं आणि खाटेवरचा नवरा, सगळं ते डोकं घेऊन करत होती. डॉक्टरांनी तिचाही कार्डिओग्राम काढायला लावला. हृदयावर थोडा ताण पडलेला दिसत होता, पण वेळ गेलेली नव्हती. गोळ्या नियमानं घ्यायच्या, मीठ कमी, आणि विसावा. विसावा म्हटल्यावर चतुराबाई हसायला लागली.

बबनराव दारात उभे होते. ते खाली बघून काहीतरी बोलले. खर्जातलं बोलणं कोकिळाला ऐकू आलं नाही, तिनं यंत्राची चकती फिरवली आणि पुन्हा विचारलं.

"इची गोळी कवा द्याची ते मले सांगा," ते मोठ्यानं म्हणाले. "मी देत जाईन. सकाळी का संध्याकाळी?"

परत जाताना गाडी त्यांनी हाकली. कासरा हातात घेताना जरा थांबले, छातीवर हात नेला, मग बैल हाकले. चतुराबाई मागे त्यांच्या पाठीला टेकून बसली होती. ती बसली आहे आणि नवरा हाकतो आहे, हे बघायला बाजारातले चारजण वळले.

एकदम काही सगळं सुधारलं नाही. बबनरावांना मधून मधून धडधड व्हायची आणि ते धावत दवाखान्यात यायचे. कोकिळा त्यांना वऱ्हांड्यात दोन फेऱ्या मारायला लावायची आणि चहा देऊन परत पाठवायची. पण कपाशी वेचायला ते शेतात होते. तूर घरात येईपर्यंत चतुराबाईचं प्रेशर बरंचसं खाली आलं होतं. कपाळाचं फडकं सुटलं होतं.

डॉक्टर तडसांनी आता नेमच केला: पट्टा आधी बोटांनी, मग कानांनी. बोटं कोकिळाची, कान मंदाबाईंचे. दोघींचं चांगलं जमलं. इतर गावच्या सिस्टर कार्डिओग्राम शिकायला बेलखेडीला यायला लागल्या तेव्हा कोकिळा त्यांना पहिल्याच दिवशी आपले कान कमी आहेत हे सांगून टाकायची आणि समोर येऊन बोलायला लावायची.

संक्रांतीच्या सुमारास चतुराबाई तपासायला आली तेव्हा तिच्याबरोबर शेजारची अनुसयाबाई होती. अनुसयाबाई दाराशीच घुटमळत होती. चतुराबाईनं तिला दंडाला धरून आत आणलं, बाकावर बसवलं आणि तिच्या लुगड्याचा पदर स्वतःच खांद्याकडे सारला.

"इले बी पाहा, सिस्टर," ती म्हणाली. "इचंही डोकं दुखून राह्यलं म्हणते."

कोकिळानं स्टूल जवळ ओढला आणि अनुसयाबाईचं मनगट हातात घेतलं.